आकड्याखालची रेघ

हेमलताताईंनी पिशवीतून विमान उतरवण्याचा तो नकाशा काढून माझ्या टेबलावर ठेवला, तो उलटा. मी तो फिरवून सरळ केला. त्यांच्या ते लक्षात आलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "मला यातलं वर कुठलं न् खाली कुठलं तेही कळत नाही."

त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे भाऊ मधुकर फिरके आले होते. भुसावळच्या कोर्टात त्यांची वकिली होती. दोघं सकाळच्या गाडीने नाशिकला आले आणि स्टेशनवरून थेट माझ्याकडे. मी तेव्हा वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवत असे. त्याआधी मी स्वतः विमान चालवायचे, पण कानाचं दुखणं मागे लागलं आणि ते सुटलं. मग वर्ग सुरू केले. हेमलताताईंचा मुलगा हृषीकेश नाफडे माझ्याच वर्गात शिकला होता.

आदल्या वर्षी हृषीकेश गेला. ईशान्येकडच्या एका डोंगरी विमानतळावर मालवाहू विमान उतरत होतं. छोटं विमान, आत दोघंच. कॅप्टन शरद बोकील आणि त्यांच्या शेजारी सहवैमानिक म्हणून हृषीकेश. दाट ढग होते. विमानतळाच्या अलीकडे एक कडा आहे, त्या कड्यावर विमान आदळलं. दोघंही जागीच गेले.

हेमलताताई रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. नवरा हृषीकेश शाळेत असतानाच वारलेला. एकुलता एक मुलगा. त्याच्या अंत्यविधीनंतर एका वृत्तवाहिनीचा माणूस त्यांच्या दारात उभा राहिला आणि त्यांना काय वाटतं असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या कॅप्टनने माझं पोर डोंगरावर नेऊन घातलं." ते वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. बरेच दिवस ते कुणाच्या ना कुणाच्या फोनवर वाजत होतं.

बोकील नाशिकचेच होते. हवाई दलातून निवृत्त होऊन ते या कंपनीत आले होते. इथल्या गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष होते, शेकडो पोरांना त्यांनी सह्याद्री दाखवला होता. ते वाक्य वाजायला लागल्यावर मंडळाने त्यांची शोकसभा पुढे ढकलली आणि मग ती झालीच नाही. त्यांच्या पत्नी नलिनीताई त्यावर कुणाशी काही बोलल्या नाहीत. वाहिनीवाले त्यांच्याकडेही गेले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

मधुकररावांनी आठवडाभर आधी मला फोन केला होता, त्यामुळे ते कशासाठी येताहेत ते मला माहीत होतं. चौकशीचा अहवाल बाहेर आला होता. त्यात म्हटलं होतं की विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली गेलं. मधुकररावांनी कंपनीवर आणि बोकिलांच्या वारसांवर दावा लावला होता. त्यांचं म्हणणं, विमान कॅप्टनचं, जबाबदारी कॅप्टनची. पण उद्या समोरचा वकील उठून म्हणाला की विमान मुलाच्या हातात होतं, तर? त्यासाठी त्यांना माझ्याकडून एकच वाक्य लिहून हवं होतं. नकाशावरचा तो उंचीचा आकडा बंधनाचा नसून सल्ल्याचा आहे, असा कुणाचाही समज होऊ शकतो. बस्स, एवढंच.

मी फोनवर नाही म्हटलं नव्हतं. समोरासमोर बोलू, असं म्हटलं होतं. खरं सांगायचं तर हृषीकेशसाठी ते वाक्य लिहायला मला आवडलं असतं. फार गुणी मुलगा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, पण शंका विचारायला सगळ्यांत पुढे. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आला तेव्हा आईच्या हातचे आहेत, असं चारदा सांगून गेला.

मधुकररावांनी चहा घेता घेता तोच विषय पुन्हा काढला. त्यांनी बरंच वाचलं होतं. काही आकड्यांना रेघ असते, काहींना नसते, बिनरेघेचा आकडा म्हणजे नुसता सल्ला, हे त्यांना पाठ होतं. त्यांच्याजवळच्या प्रतीत ती रेघ पुसट आली होती, तेही त्यांनी दाखवलं.

मी काही बोलणार, तेवढ्यात हेमलताताई म्हणाल्या, "मधू, थांब जरा. मला आधी हे शिकायचंय."

"काय शिकायचंय, अक्का?"

"हा कागद. माझा मुलगा बघत होता तो हाच ना? मग मला तो वाचता आला पाहिजे. मॅडम, मला शिकवाल? त्याला शिकवलंत तसं."

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची ओढून हेमलताताईंच्या शेजारी बसले.

मुलांना शिकवताना मी जिथून सुरुवात करते तिथूनच केली. ढगात शिरलं की वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही. काचेवर नुसता कापूस. तेव्हा समोरची उपकरणं आणि हा कागद, एवढेच त्याचे डोळे. कागदाच्या वरच्या भागात वाट दाखवलेली असते, जणू आपण आभाळातून खाली बघतोय. खालच्या भागात तीच वाट बाजूने दाखवलेली असते. ती जिन्यासारखी दिसते. विमान एकेक पायरी उतरत धावपट्टीकडे येतं. प्रत्येक पायरीला एक बिंदू, त्याला नाव. तो बिंदू ओलांडल्याशिवाय पुढची पायरी उतरायची नाही.

"का नाही?" त्यांनी विचारलं.

"कारण त्या पायरीखाली काहीतरी असतं. डोंगर, टेकडी, मनोरा. आपल्याला दिसत नाही, पण ते असतं."

त्या मान हलवत ऐकत होत्या. मी आकड्यांकडे आले. आकड्याखाली रेघ असेल तर या उंचीच्या खाली यायचं नाही, वर कितीही असलात तरी चालेल. आकड्याच्या डोक्यावर रेघ असेल तर याच्या वर जायचं नाही. दोन्हीकडे रेघ असेल तर बरोबर तेवढ्याच उंचीवर राहायचं. आणि कुठेच रेघ नसेल तर ती उंची बरी, पण बंधन नाही.

हेमलताताईंनी चष्मा पुसला. "आमच्या वॉर्डात असायचं हे. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या कागदावर डॉक्टर लिहून जायचे. वरचं बीपी नव्वदच्या खाली आलं तर मला उठवा. आम्ही रात्रभर त्या नव्वदवर नजर ठेवून असायचो."

"तसंच," मी म्हटलं.

मग मी माझ्याकडची प्रत काढली. तिच्यातली छपाई स्वच्छ होती. तिच्यावर त्यांनी बोट ठेवत ठेवत स्वतःच वाचायला सुरुवात केली. पहिला बिंदू, साडेसात हजार फूट, खाली रेघ. नंतरची पायरी, सहा हजार दोनशे, खाली रेघ. ती दुसऱ्या बिंदूपर्यंत. तो ओलांडला की पाच हजार चारशे. दुसऱ्या बिंदूच्या अलीकडे कागदावर डोंगराचं टोक काढलं होतं. त्यावर त्यांचं बोट थांबलं. तो तोच कडा होता.

"या बासष्टशेला रेघ आहे," त्या म्हणाल्या.

"आहे."

"मधू म्हणतो ती पुसट आहे."

"तुमच्याजवळच्या झेरॉक्समध्ये पुसट आहे. विमानातल्या कागदावर ती स्वच्छ होती. आणि हृषीकेशला ती माहीत होती, ताई. मी त्याला शिकवलं होतं, पुढे कंपनीनेही शिकवलं. हा सल्ल्याचा आकडा आहे असं मी लिहून दिलं, तर त्याला साधी रेघ वाचता येत नव्हती असा त्याचा अर्थ होईल. तसा तो नव्हता."

मधुकरराव उठून खिडकीपाशी गेले. हेमलताताईंनी पिशवीतून अहवाल काढला. इंग्रजीत होता. दवाखान्यातल्या कामापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं, पण हे त्यांना उमगलं नव्हतं. शेवटाकडच्या एका पानाचा कोपरा त्यांनी दुमडून ठेवला होता. विमानातल्या ध्वनिमुद्रणातले शेवटचे शब्द तिथे छापले होते. डाव्या बाजूला कोण बोललं, मधे काय बोललं आणि उजव्या बाजूला त्या क्षणी विमान किती उंचीवर होतं.

"हे मी खूप वेळा वाचलंय," त्या म्हणाल्या. "कॅप्टन म्हणतात, बासष्टशे. मग परत, अरे, बासष्टशे. मराठीत बोलले असं पुढे लिहिलंय. मला सगळ्यांनी सांगितलं की हा त्यांचा हुकूम होता. बासष्टशेवर उतर म्हणून. आणि माझा मुलगा उतरला."

मला अहवाल वाचून झाला होता. उत्तर मला ठाऊक होतं. ते कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं आणि त्या माझ्याच समोर बसल्या होत्या. मी बोलायच्या आतच त्यांनी उजव्या बाजूच्या आकड्यांवर बोट ठेवलं. मग तेच बोट नकाशावर नेलं, परत अहवालावर आणलं. तापाचा तक्ता वाचावा तसं त्या शांतपणे वाचत होत्या.

"कॅप्टन पहिल्यांदा बोलले तेव्हा विमान सहा हजार पन्नासवर होतं?"

"हो."

"म्हणजे बासष्टशे त्यांच्या वर होतं."

"हो."

"आणि दुसऱ्यांदा बोलले तेव्हा आणखी खाली."

"एकोणसाठशे."

त्यांनी दोन्ही आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. खिडकीपाशी मधुकररावांनी खोकल्यासारखं केलं.

"मग ते त्याला उतरायला सांगत नव्हते," त्या म्हणाल्या. "वर ये म्हणत होते."

"हो, ताई."

"विमान कुणाच्या हातात होतं?"

मी सांगितलं. अहवालात ते पहिल्याच पानावर होतं, तांत्रिक भाषेत. त्या फेरीत विमान उजव्या खुर्चीतला वैमानिक, म्हणजे हृषीकेश, चालवत होता. दुसरा बिंदू यायचा होता, हृषीकेशला वाटलं की तो मागे पडला. त्याने पुढची पायरी लावली, पाच हजार चारशे. आडदांडपणा नव्हता त्यात, हयगय नव्हती. ढगात असं होतं. आपण कुठे आहोत याची मनातली जागा आणि खरी जागा यांत थोडं अंतर पडतं, आणि तिथे नेमका तो कडा होता. मी हेही सांगितलं की बोकिलांनी नुसतं न बोलता विमान स्वतःच्या हातात घ्यायला हवं होतं, तसं अहवालातही म्हटलंय. पण वेळ फार थोडा होता.

"हे येस सर कोण म्हणतोय?" त्यांनी सगळ्यांत शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हृषीकेश. त्याने ऐकलं होतं. त्याच्यापुढे लिहिलंय बघा, इंजिनांचा आवाज वाढला. त्याने विमान वर घ्यायला सुरुवात केली होती."

तेव्हा त्या रडल्या. तोंडाला पदर न लावता, सरळ बसून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मधुकरराव येऊन आपल्या बहिणीच्या खुर्चीमागे उभे राहिले.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बोकीलबाई कुठे राहतात?"

मधुकररावांनी त्यांना समजावायला सुरुवात केली. दावा चालू आहे, समोरच्या पक्षाच्या घरी असं जाता येत नाही, तिथे जे बोलशील ते उद्या आपल्यावरच उलटेल. ते चुकीचं सांगत नव्हते. वकील म्हणून दुसरं काय सांगणार? हेमलताताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मधू, मी सगळ्या जगाला सांगितलं की त्या माणसाने माझं पोर मारलं," त्या म्हणाल्या. "ते सांगायला मला वकील लागला नव्हता."

नलिनीताईंचं घर गंगापूर रोडला होतं. माझी त्यांची जुजबी ओळख होती. बोकील गेले तेव्हा मी भेटून आले होते. मी फोन करून येऊ का म्हणून विचारलं आणि कोण बरोबर आहे तेही सांगितलं. त्या पलीकडून म्हणाल्या, या.

माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मधुकरराव पुढे बसले. घर आल्यावर ते म्हणाले, मी खालीच थांबतो. मग आम्ही उतरलो तशी काच खाली करून त्यांनी बहिणीला हाक मारली आणि वर सावकाश जा, एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी दाव्यातून बोकिलांच्या कुटुंबाचं नाव काढून टाकलं. मात्र बहिणीशी ते बरेच महिने तुटकच वागले, असं मला नंतर कळलं.

नलिनीताईंनी दार उघडं ठेवलं होतं. त्या साठीच्या आसपासच्या, उंच, अंगात साधा सुती ड्रेस. त्यांनी हेमलताताईंना टीव्हीवर पाहिलेलं असणार. ओळख करून द्यायची वेळ आली नाही. त्यांनी पाणी आणून ठेवलं आणि समोर बसल्या. भिंतीवर बोकिलांचा कुठल्याशा किल्ल्यावरचा फोटो होता, मुलांच्या घोळक्यात. हेमलताताईंनी पाण्याला हात लावला नाही.

"मी आज कागद वाचायला शिकले," त्या म्हणाल्या. "मॅडमनी शिकवला. विमान माझा हृषीकेश चालवत होता. चूक त्याच्याकडून झाली. तुमचे यजमान त्याला वर घे म्हणून सांगत होते आणि मी टीव्हीवर उलटं बोलले. मी माफी मागायला आलेय. तुम्ही दिलीच पाहिजे असं नाही. पण माझ्या तोंडून तुम्हाला कळायला हवं होतं म्हणून आले."

नलिनीताई मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

हेमलताताईंना ते नीट कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहवाल यायच्या आधीपासून माहीत होतं," नलिनीताई म्हणाल्या. "ह्यांचा सकाळी तिकडून फोन आला होता. म्हणाले, आज जाताना नाफडेच्या हातात देणार आहे विमान. हात फार चांगला आहे पोराचा, दोन वर्षांत कॅप्टन होईल. त्यामुळे बातमी आली तेव्हाच मला ठाऊक होतं, कोण चालवत होतं ते."

"मग तुम्ही..." हेमलताताई म्हणाल्या. "मी एवढं बोलले. तुमच्या माणसाची शोकसभा होऊ दिली नाही लोकांनी. वाहिनीवाले तुमच्या दारात आले होते. तुम्ही एक शब्द का नाही बोललात?"

नलिनीताईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, या बाईने वर्षभर हे उत्तर कुणाजवळ उच्चारलं नसणार, स्वतःच्या मुलांजवळही नाही.

"माझ्या मुलीने मला हेच विचारलं होतं. बाबांसाठी तू का भांडत नाहीस, म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही." त्यांनी पाण्याचा पेला हेमलताताईंकडे सरकवला. "हे गेले. लोक ह्यांना काय म्हणतात ते ह्यांच्या कानावर जाणार नव्हतं. तुमच्या मुलाला काही म्हणाले असते, तर ते तुम्हाला ऐकावं लागलं असतं."

खोलीत पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर एक भंगारवाला ओरडत गेला. हेमलताताई उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि नलिनीताईंच्या पायाशी वाकायला लागल्या. नलिनीताईंनी त्यांना वाकू दिलं नाही. खांद्यांना धरून सोफ्यावर आपल्या शेजारी बसवलं. दोघी तशाच बसून राहिल्या. मी तिथून उठून जावं की नाही, मला कळेना.

शेवटी हेमलताताईंनी तोंड पुसलं.

"त्या फोनवर अजून काय म्हणाले माझ्या मुलाबद्दल?" त्यांनी विचारलं. "मला सगळं सांगा."

नलिनीताईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि सकाळी फोन वाजला तिथपासून सांगायला सुरुवात केली.